‘झाले’ आणि ‘केले’ : अपायवाचक शब्दांच्या संगतीचा इतिहास

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती जनावरांइतकीच शब्दांनाही लागू पडते. कोणताही शब्द एकटा नांदत नाही. त्याच्या शेजारी ठराविक क्रियापदे बसतात आणि त्या संगतीने त्याच्या अर्थाला वळण लागते. इंग्रजीत अपायाविषयी बोलताना ‘डू हार्म’, ‘कॉज हार्म’, ‘इन्फ्लिक्ट हार्म’, ‘सफर हार्म’, ‘कम टु हार्म’, ‘मीन नो हार्म’ अशा जोड्या नित्य वापरात आहेत. मराठीत इजा होते, इजा केली जाते, इजा पोचवलीही जाते. नुकसान होते, नुकसान सोसले जाते आणि ते भरूनही दिले जाते. या जोड्या पाठ करणे हे भाषा शिकणाऱ्याचे काम आहे. परंतु पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूला आणि मुलांना पापाची जाणीव करून देणाऱ्या धर्मशिक्षकाला त्यात आणखी एक प्रश्न दिसला पाहिजे. अपाय करणारा मनुष्य वाक्यात उभा आहे की नाही? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा इतिहास आम्ही थोडक्यात पाहणार आहोत.

बऱ्हाणपूरची वाट

या इतिहासाची सुरुवात आमच्याच प्रदेशातून करता येते. तापीकाठचे बऱ्हाणपूर फारुकी सुलतानांनी चौदाव्या शतकाच्या अखेरीस वसवले आणि खुलदाबादचे सूफी संत बुऱ्हाणुद्दीन यांचे नाव त्याला दिले. 1601 मध्ये अशीरगड पडला आणि खानदेशाचा सुभा मोगलांकडे गेला. 1760 च्या उदगीरच्या लढाईनंतर शहर पेशव्यांकडे, पुढे शिंद्यांकडे आणि 1860 मध्ये कायमचे इंग्रजांकडे आले. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत ते मध्य प्रदेशात राहिले. जळगाव आणि बुलढाणा जिल्ह्यांना लागून असलेल्या या तालुक्यात मराठी आजही घराघरांत बोलली जाते. शहरालगतच्या लोधीपुऱ्यात दाऊदी बोहरा समाजाची दर्गा-ए-हकीमी आहे. तेथे दूरदूरहून भाविक येतात आणि त्यांच्याबरोबर गुजराती बोली येते. रस्त्यावर हिंदी-उर्दू, खेड्यांतून निमाडी आणि घरी मराठी, असा हा भाषांचा शेजार आहे.

या शेजाराचा ठसा आपल्या विषयावर स्पष्ट उमटलेला आहे. ‘हानी’, ‘अपाय’, ‘घात’, ‘क्षती’, ‘अपकार’ हे शब्द मराठीला संस्कृताकडून मिळाले. ‘इजा’ आणि ‘नुकसान’ हे मूळचे अरबी शब्द फारसीच्या वाटेने आले, तर ‘जखम’ फारसीतूनच आला. दरबाराची भाषा फारसी असलेल्या खानदेशासारख्या सुभ्यात ही नामे कचेरीतून बाजारात आणि बाजारातून घरात शिरली. नामांबरोबर क्रियापदाची संगतही आली असे दिसते. फारसीत अशा नामांशेजारी ‘रसानीदन’, म्हणजे ‘पोचवणे’, हे क्रियापद बसते. उर्दू-हिंदीत ‘नुकसान पहुँचाना’ म्हणतात आणि मराठीत आपण ‘नुकसान पोचवणे’ म्हणतो. पत्र पोचवावे, डबा पोचवावा, तशी इजाही पोचवली जाते. या रचनेत दोन माणसे गृहीत आहेत. एक पोचवणारा आणि दुसरा ज्याला पोचली तो.

इंग्रजांची गाठ

इंग्रजी भाषा बोलणारे पहिले लोक या वाटेवर आले त्याची कथा आपल्या ख्रिस्ती साहित्याच्या इतिहासाशी जोडलेली आहे. 1583 च्या अखेरीस राल्फ फिच आणि त्याचे सोबती इंग्रज व्यापारी गोव्यात पोर्तुगीजांच्या कैदेत पडले. त्यांच्यासाठी रदबदली करणाऱ्यांत येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स होते. 1579 मध्ये गोव्यात आलेले हे इंग्रज धर्मगुरू पुढे मराठीचे कवी झाले. व्यापारी जामिनावर सुटले. 1584 मध्ये फिच गोव्यातून निसटला आणि विजापूर व गोवळकोंड्याच्या मार्गाने बऱ्हाणपुरास पोहोचला. पावसाळ्यात येथील रस्त्यांवर इतके पाणी चढते की घोड्याखेरीज जाता येत नाही, असे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे नोव्हेंबर 1615 मध्ये राजा जेम्सचा वकील सर थॉमस रो याच शहरात शाहजादा परवेझ याच्या भेटीस आला. त्याला येथील भाषा येत नव्हती. सारा व्यवहार दुभाष्यावर अवलंबून होता, आणि चांगला दुभाषी मिळत नाही ही त्याची तक्रार पुढेही राहिली.

रो बऱ्हाणपुरास आला त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे 1616 मध्ये, स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात पाप, पतन आणि तारण यांची कथा मराठी माणसाच्या कानाला ओळखीच्या वळणाने सांगितली आहे. एका इंग्रजाला येथील भाषा दुभाष्याच्या तोंडून ऐकावी लागली, दुसऱ्याने मराठी आपली केली. शब्दकोश हाती नसताना स्टीफन्स यांनी शब्दांची संगत थेट लोकांच्या तोंडून उचलली. भाषा शिकण्याचा हा मार्ग लांबचा असला तरी खात्रीचा आहे.

कोशांचे युग

एकोणिसाव्या शतकात काम पालटले. विल्यम केरी यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथून 1805 मध्ये मराठी व्याकरण, 1810 मध्ये मराठी कोश आणि 1811 मध्ये नव्या कराराचे मराठी भाषांतर प्रसिद्ध केले. नागपूरकडील वैजनाथ पंडित त्यांचे साहाय्यक होते. 1826 मध्ये मुंबईत अमेरिकन मिशनने नवा करार छापला. 1831 मध्ये मोल्सवर्थ आणि कँडी बंधूंचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, 1847 मध्ये इंग्रजी-मराठी कोश आला, आणि 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत मराठी-इंग्रजी कोशाची शब्दसंख्या सुमारे 60,000 झाली. या कोशामागे मराठी शास्त्रीपंडितांचे अपार श्रम होते. 1863 मध्ये बाबा पदमनजी यांनी त्याचा संक्षेप करून तो सामान्य वाचकाच्या आवाक्यात आणला. याच काळात, 1836 मध्ये, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले.

या कार्याचे ऋण आपण विसरू शकत नाही. तथापि कोशाची एक स्वाभाविक मर्यादा असते. तो नामापुढे नाम ठेवतो. त्या नामाने कोणत्या क्रियापदाचा हात धरावा हे बहुधा वाचकावर सोपवतो. ‘हार्म’पुढे अपाय, हानी, इजा, नुकसान असे पर्याय मिळतात, पण ‘डू’, ‘कॉज’ आणि ‘इन्फ्लिक्ट’ यांतला फरक कोठे गेला हे कळत नाही. ‘डू हार्म’ हे साधे, घरगुती बोलणे आहे. हेतू नसतानाही माणूस ते करू शकतो. ‘कॉज’ कारण दाखवते. मनुष्य, वादळ किंवा रोग, कोणीही त्याचा कर्ता होऊ शकतो. ‘इन्फ्लिक्ट’ ज्या लॅटिन क्रियापदापासून आले त्याचा अर्थ ‘आघात करणे’ असा आहे, म्हणून त्यात मारणाऱ्याचा हात दिसतो. ‘कम टु हार्म’ मध्ये मात्र करणारा नाहीसा होतो. ज्याला अपाय झाला तोच जणू चालत अपायाकडे गेला. इंग्रजीत कर्ता नेहमी उघड असतो आणि मराठीत तो लपतो, असे म्हणणे म्हणूनच बरोबर होणार नाही. दोन्ही भाषांत दोन्ही सोयी आहेत. निवड बोलणाऱ्याची असते.

नामांच्या पोटातही इतिहास आहे. ‘हार्म’ या शब्दाचा जुन्या इंग्रजीत दुःख असाही अर्थ होता. ‘हर्ट’ फ्रेंचमधून आला. तेथे त्याचा अर्थ धडकणे असा होता. ‘डॅमेज’च्या मुळाशी लॅटिन ‘दाम्नुम’, म्हणजे नुकसान, आहे. ‘इंज्युरी’ हा शब्द आज आपल्याला जखमेसाठी परिचित आहे. पण त्याचे मूळ ‘इन्यूरिया’, म्हणजे न्यायाविरुद्धचे कृत्य. पूर्वी त्या शब्दात मोडलेल्या हाडापेक्षा मोडलेला न्याय अधिक होता.

कायद्याची भाषा

बऱ्हाणपूर इंग्रजांकडे गेले त्याच 1860 या वर्षी भारतीय दंडविधान संमत झाले. 1 जानेवारी 1862 पासून ते अमलात आले. मेकॉले यांच्या आयोगाने त्याचा मसुदा 1837 मध्येच सादर केला होता. त्यातील 44 व्या कलमाने ‘इंज्युरी’ची व्याख्या विशाल ठेवली : शरीर, मन, लौकिक किंवा मालमत्ता यांना बेकायदेशीरपणे पोचवलेला कोणताही अपाय. 319 व्या कलमाने शारीरिक वेदना, रोग किंवा दुर्बलता निर्माण करणे म्हणजे दुखापत असे ठरवले, आणि पुढच्या कलमात जबर दुखापतीचे आठ प्रकार दिले. शिक्षा सांगणाऱ्या बहुतेक कलमांत मात्र दुखापत ‘स्वेच्छेने’ केलेली असावी अशी अट घातली. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली; कलमांचे क्रमांक बदलले, तरी या व्याख्यांचा गाभा कायम आहे.

आपल्या उपदेशात अपाय म्हटला की बहुधा शरीर आणि मालमत्ता एवढेच डोळ्यांपुढे येते. कायद्याने मन आणि लौकिक यांनाही त्याच पंक्तीला बसवले, ही गोष्ट धर्मशिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. चहाडीने एखाद्याचा लौकिक गेला तर त्याचेही नुकसान केलेलेच आहे.

ख्रिस्तसभेचा कायदाही याच लॅटिन वळणाचा आहे. 1983 च्या धर्मसंहितेच्या 128 व्या नियमानुसार जो कोणी कपटाने किंवा हलगर्जीपणाने दुसऱ्याचे बेकायदा नुकसान करतो, त्याच्यावर ते भरून देण्याचे बंधन आहे. मूळ लॅटिनमध्ये ‘दाम्नुम’ या नामाशेजारी जे क्रियापद आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘वाहून नेणे’ असा होतो. फारसीचे ‘रसानीदन’, मराठीचे ‘पोचवणे’ आणि धर्मसंहितेचे लॅटिन एकाच चित्रावर येऊन ठेपतात : अपाय आपोआप येत नाही, तो कोणीतरी आणून टाकतो.

मराठीच्या तीन पायऱ्या

आता आपल्या बोलीकडे वळू. मूल धावताना पडते आणि रडत सांगते, “मला लागलं.” मराठीतील दुखापतीचा हा सर्वांत जवळचा शब्द, आणि त्याला करणारा लागतच नाही. हाताला लागते, डोक्याला लागते, बोलणे मनाला लागते. केसालाही धक्का लागत नाही तेव्हासुद्धा धक्का देणारा वाक्यात नसतो. ‘मार लागला’ आणि ‘मारले’ यांत किती अंतर आहे ते पाहावे. भूतकाळात आपले व्याकरण आणखी एक सवलत देते. ‘त्याने इजा केली’, ‘तिने नुकसान केले’ या वाक्यांत क्रियापद करणाऱ्याच्या मागे न जाता इजेच्या आणि नुकसानीच्या मागे जाते. व्याकरणकारांनी याला कर्मणी प्रयोग म्हटले. त्यामुळे ‘त्याने’ हा शब्द गळला तरी क्रियापदाला त्याची उणीव जाणवत नाही.

यावरून अपायाविषयी बोलण्याच्या मराठीत तीन पायऱ्या दिसतात. पहिली, ‘नुकसान झाले’. दुसरी, ‘माझ्या हातून नुकसान झाले’. तिसरी, ‘मी नुकसान केले’. पहिलीत कोणी माणूस नाही. दुसरीत माणूस आहे, पण त्याचा फक्त हात दिसतो. तिसरीत मनुष्य संपूर्ण उभा आहे. नीतिशास्त्रात आपण पूर्ण ज्ञान आणि पूर्ण संमती यांवरून पापाची जबाबदारी ठरवतो. जे भेद तेथे सूक्ष्म विवेचनाने शिकवावे लागतात, ते आपल्या आजीबाईंच्या बोलण्यात आयतेच आहेत.

दुसरी पायरी खोटी नाही. अनुवादाच्या 19 व्या अध्यायात लाकूड तोडताना कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून शेजारी मरण पावतो, तेव्हा नियमशास्त्र त्या मनुष्यासाठी आश्रयनगर ठेवते. त्याच्या बाबतीत ‘हातून घडले’ हेच सत्य आहे. परंतु वैर धरून, टपून बसून जो घाव घालतो त्याला त्या नगरात थारा नाही. जाणूनबुजून केलेल्या घातासाठी ‘हातून झाले’ म्हणणे म्हणजे परक्याच्या आश्रयनगरात घुसणे होय.

निर्गमातील दोन अग्नी

शास्त्रात या विषयाचा सर्वांत बोलका पाठ निर्गमाच्या पुस्तकात आहे. बत्तिसाव्या अध्यायात मोशे अहरोनाला जाब विचारतो. अहरोन सांगतो की लोकांनी सोने दिले, ते आपण अग्नीत टाकले आणि हे वासरू बाहेर निघाले. त्याच अध्यायाच्या चौथ्या वचनात तर लिहिले आहे की अहरोनाने स्वतः हत्याराने त्याला आकार दिला होता. सोने त्याने टाकले एवढे तो कबूल करतो. वासरू मात्र आपोआप निघाले! ‘केले’चे ‘झाले’ कसे होते त्याचा याहून स्पष्ट नमुना मिळणार नाही.

याच पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात, सहाव्या वचनात, दुसरा अग्नी आहे. आग निघते, काटेरी झुडपांना लागते, शेजाऱ्याच्या धान्याच्या राशी किंवा उभे पीक जळते. येथे वाक्याचा आरंभही आगीपासूनच आहे. जणू तीच कर्ता. पण नियमाचा शेवट पाहावा : ज्याने आग पेटवली त्याने नुकसान पुरते भरून द्यावे. हिब्रू मुळात आग ‘निघते’ आणि वासरू ‘निघते’ तेथे एकच क्रियापद योजले आहे. अहरोन त्या क्रियापदापाशी थांबतो. नियमशास्त्र त्याच्या पलीकडे जाऊन पेटवणाऱ्यापर्यंत पोचते. देवाच्या न्यायाची चाल आणि माणसाच्या सबबीची चाल यांतला भेद यापेक्षा थोडक्यात सांगणे कठीण आहे.

नव्या करारात लूक यांचे लेखनही याच दृष्टीने पाहता येईल. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात फिलिप्पैचा बंदिशाळेचा अधिकारी तलवार उपसून जीव देऊ पाहतो, तेव्हा पौल ओरडून त्याला थांबवतो. ग्रीकमध्ये तेथे ‘स्वतःचे वाईट करणे’ अशी जोडी आहे; जुन्या इंग्रजी शास्त्रात तीच ‘डू हार्म’ झाली. मराठीला येथे स्वतःची खास रचना उपलब्ध आहे : ‘इजा करून घेणे’. करणारा आणि सोसणारा एकच, हे ‘करून घेणे’ या एका जोडीत येते. अठ्ठाविसाव्या अध्यायात पौल हाताला डसलेला साप झटकतो, तेथे ग्रीक क्रियापद ‘सोसणे’ या अर्थाचे आहे. त्याने काही वाईट सोसले नाही. करणाऱ्याची भाषा वेगळी आणि सोसणाऱ्याची वेगळी, हे पवित्र लेखकाला ठाऊक होते. भाषांतरकारालाही ते ठाऊक असावे लागते. मूळ हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण शास्त्राचे मराठी भाषांतर करणाऱ्या पंडिता रमाबाईंनी साध्या माणसाला कळेल अशा बोलीचा आग्रह धरला. त्यांचे निधन 1922 मध्ये झाले आणि तो ग्रंथ 1924 मध्ये मुक्ती मिशनमधून बाहेर पडला. शब्द सोपा केला तरी करणारा हरवता कामा नये, ही भाषांतराची कसोटी आजही तितकीच कठीण आहे.

आजचा प्रश्न

हा सारा इतिहास केवळ भाषेच्या हौसेसाठी मांडलेला नाही. गेल्या काही दशकांत जगभरच्या ख्रिस्तसभेला स्वतःच्या सेवकांनी दुर्बलांवर केलेल्या अत्याचारांचा सामना करावा लागला. 2019 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘वोस एस्तिस लुक्स मुंडी’ या आदेशाने तक्रारी कळवण्याचे आणि तपासाचे बंधन घातले. 2023 मध्ये तो आदेश सुधारून कायम केला. 2021 मध्ये धर्मसंहितेतील शिक्षाविषयक भाग नव्याने लिहिला गेला आणि 8 डिसेंबर 2021 पासून लागू झाला. नियम आले. पण नियमानुसार लिहिलेले पत्र जर ‘दुर्दैवी घटना घडली’, ‘काही जणांच्या भावना दुखावल्या गेल्या’ अशा वाक्यांनी भरलेले असेल, तर ते अहरोनाचेच उत्तर होय. अग्नीतून वासरू निघाले, एवढेच ते सांगते.

येथे एक विवेक राखणे आम्हाला अगत्याचे वाटते. ज्याला अपाय झाला तो मनुष्य ‘मला लागलं’, ‘माझ्याबाबतीत असं झालं’ एवढेच बोलू शकत असेल, तर त्याच्या ‘झाले’चा आदर करावा. पुष्कळदा तेवढाच शब्द उच्चारण्याचे बळ त्याच्यात उरलेले असते. आपण घाईने ‘कोणी केले, कधी केले’ असा मारा केला तर जखमेवर जखम होईल. त्याने नाव घ्यावे यासाठी त्याला वेळ आणि निर्भय जागा देणे हे आपले काम आहे; विषय बालकाचा असेल तर कायद्याने घातलेले कर्तव्यही विनाविलंब पाळले पाहिजे. याच्या उलट, ज्याने अपाय केला त्याला ‘झाले’ या शब्दाचा आश्रय देता कामा नये. त्याचे वाक्य ‘मी’पासून सुरू झाले पाहिजे. सोसणाऱ्याचे ‘झाले’ करणाऱ्याच्या तोंडी घालणे हा अन्याय आहे, आणि करणाऱ्याचे ‘केले’ सोसणाऱ्यावर लादणे हा त्याहून मोठा अन्याय आहे. “तूच ओढवून घेतलेस” हे वाक्य आपल्या वस्त्यांमधून किती स्त्रियांना ऐकावे लागते, ते वाचक जाणतात.

धर्मशिक्षकांसाठी याचा उपयोग सोपा आहे. मुलांना प्रथम पापनिवेदनाची तयारी देताना तीनही पायऱ्यांची वाक्ये त्यांच्याकडूनच करून घ्यावीत. ‘पाटी फुटली’, ‘माझ्या हातून पाटी फुटली’, ‘मी पाटी फोडली’ यांतले कोणते केव्हा खरे, हे मुले पटकन सांगतात. त्यानंतर चौथे वाक्य शिकवावे : ‘मी पाटी भरून देईन.’ मराठीत नुकसान ‘भरून’ दिले जाते. म्हणजे नुकसान हा खड्डा आहे आणि तो तसाच ठेवून पुढे जाता येत नाही. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातील जक्कयाला हे कोणी शिकवावे लागले नाही. प्रभू त्याच्या घरी आला आणि तो उभा राहून आपल्याच तोंडाने, आपल्यालाच कर्ता ठेवून, चौपट परत देण्याचे बोलला.

मिस्साबलिदानाच्या आरंभी आपण सर्व मिळून जो पापांगीकार करतो त्यातही, शेकडो माणसे एकत्र उभी असताना, प्रत्येक जण ‘आम्ही’ न म्हणता ‘मी’ म्हणतो. विचार, शब्द, कृती आणि टाळलेले कर्तव्य या चारही गोष्टींना तोच एक कर्ता आहे. पापनिवेदन ऐकताना, समेट घडवताना, वरिष्ठांना अहवाल लिहिताना आणि शास्त्राचे विवरण करताना त्या कर्त्याला वाक्यातून गळू न देणे, एवढी एक सवय आपण धर्मसेवकांनी लावून घ्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे.